इंजिनाला छप्पर नव्हतं
(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

२००३ साली भारतीय रेल्वेला दीडशे वर्षं पूर्ण झाली. मी ज्या शाळेत कारकून आहे, तिथल्या स्नेहसंमेलनासाठी मुंबई-ठाणे या पहिल्या गाडीची प्रतिकृती करायचं ठरलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. माझ्याच का, तर ‘भाऊसाहेब, तुम्ही कवी आहात, तुम्हांला काहीतरी सुचेल’ म्हणून. कवितेचा आणि पुठ्ठ्याचा संबंध काय, असं मी विचारलं नाही. पत्र्याच्या डब्याचं बॉयलर केलं, त्याला झकास काळा रंग दिला, मागे ड्रायव्हरसाठी छपराची खोली केली, आठ-आठ चाकांचे लांब डबे जोडले आणि पुढे झेंडूची माळ घातली.

प्रदर्शनाला आलेल्यांत एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर होते. त्यांनी चष्मा पुसून सगळं नीट पाहिलं आणि म्हणाले, “भाऊसाहेब, काम बेस्ट आहे. पण १८५३ च्या गाडीला तुम्ही आमच्या वेळचं इंजिन लावलंत. त्या काळात ड्रायव्हरच्या डोक्यावर छप्पर कुठलं? उन्हापावसात उघड्यावर उभा राहायचा तो.”

माझं तोंड पडलं. पण त्या एका वाक्यानं मला जो नाद लावला तो आज वीस वर्षांहून अधिक काळ सुटलेला नाही. ठाण्याची पहिली गाडी ओढणारी इंजिनं इंग्लंडातल्या व्हल्कन फौंड्रीत तयार झालेली; म्हणजे ती समजून घ्यायची तर तिथंच जायला हवं होतं. पासपोर्ट नसल्यामुळे मी पुस्तकांतून आणि चित्रांतून गेलो. आणि १८३० ते १८५० या काळातल्या इंग्रजी इंजिनांच्या आणि डब्यांच्या छोट्या प्रतिकृती करू लागलो. राणी व्हिक्टोरिया गादीवर आली १८३७ साली. म्हणजे तिच्या कारकिर्दीचा हा अगदी आरंभ.

आधी एक गैरसमज दूर करतो. हे खेळणं नव्हे. खेळणीही होती म्हणा. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पितळेची लहान इंजिनं मिळत, पोटात खरं पाणी आणि खाली स्पिरिटचा दिवा. त्यांना रूळ नसत, ती सरळ जमिनीवर धावत आणि जाताना पाण्याचा ओघळ सोडत जात. लोक त्यांना थट्टेनं जे नाव ठेवत, त्याचा अर्थ ‘लाळगाळू’ असा होतो. आम्ही करतो ती प्रतिकृती मापाची असते. मी जे प्रमाण वापरतो त्यात खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे माझे सात मिलिमीटर. साडेपाच फुटांचा माणूस माझ्या टेबलावर साडेअडतीस मिलिमीटर उंच होतो. याहून लहान, फुटाला चार मिलिमीटरचं प्रमाण अधिक चालतं. पण तेवढं बारीक काम करायला डोळे तरुण हवेत.

पहिलं इंजिन मी निवडलं ‘लायन’. लीड्स शहरातल्या टॉड, किटसन आणि लेअर्ड या कारखान्यानं १८३८ साली ते लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेसाठी बांधलं. या इंजिनाचं नशीब मला एखाद्या जुन्या गवयासारखं वाटतं. वीसेक वर्षं धावल्यावर १८५९ मध्ये ते विकलं गेलं आणि लिव्हरपूलच्या गोदीत पाणी उपसायला बसवलं. चाकं असून जागचं हलायचं नाही, नुसतं पाणी उपसायचं. १९२८ पर्यंत ते हेच करत होतं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की हे काय आहे. त्याची डागडुजी झाली, १९३० च्या शताब्दी सोहळ्यात ते मिरवलं आणि १९५३ साली ‘द टिटफील्ड थंडरबोल्ट’ या इंग्रजी चित्रपटात त्यानं चक्क नायिकेच्या तोडीची भूमिका केली. पत्नीचे मामा ब्लॅकबर्नला असतात. त्यांनी संग्रहालयात जाऊन या इंजिनाचे फोटो पाठवले, सोबत पितळी पत्र्याचा एक छोटा गठ्ठा. “जावईबापू, हे नेमकं कशाला हवंय?” असं त्यांनी फोनवर तीनदा विचारलं.

आता करायचं कसं, ते सांगतो. बॉयलर म्हणजे पितळी नळी. खऱ्या इंजिनाच्या बॉयलरवर उष्णता राहावी म्हणून लाकडाच्या उभ्या पट्ट्या लावून त्यावर पितळी पट्टे आवळलेले असत, पिंपासारखे. म्हणून मीही आइस्क्रीमच्या काड्या तासून त्या नळीवर एकेक चिकटवल्या. हात धरायच्या दांड्या आणि बारीक नळ्या यांसाठी तार लागते. मिरजेत राहणाऱ्याला तारेची काय कमतरता? सतार-तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीतून तुटक्या तारांचे तुकडे आणतो. पोलादी वेगळी, पितळी वेगळी. ‘लायन’च्या अंगावर तंबोऱ्याच्या खर्जाची तार आहे, हे लिव्हरपूलवाल्यांना कुणी सांगू नये.

खरी अडचण होती फायरबॉक्सची, म्हणजे इंजिनाच्या भट्टीची. त्या काळातल्या बऱ्याच इंजिनांच्या भट्टीवर घुमट असे. चौकोनी बुडखा आणि वर गोल, चकचकीत घुमट, आमच्या मिरासाहेबांच्या दर्ग्याची आठवण यावी असा. तो शोभेचा नव्हता. पाण्याच्या वर वाफेला मोकळी जागा मिळे आणि तिथून कोरडी वाफ इंजिनाला पुरवता येई. गोलाईमुळे दाबही चांगला पेलला जाई. १८४६ सालच्या एका इंजिनाला तर या तांबड्या टोपीमुळे ‘कॉपरनॉब’ असं नाव पडलं. आपण ‘तांबडडोक्या’ म्हणू. महायुद्धात १९४१ साली बॅरो गावावर बाँब पडले तेव्हा त्याचे तुकडे त्या टोपीत घुसले. यॉर्कच्या रेल्वे संग्रहालयात ते इंजिन आहे आणि त्याच्या डोक्यावरच्या त्या खुणा अजून बुजवलेल्या नाहीत.

सपाट पत्र्याचा घुमट मला काही केल्या जमेना. कापून जोडला तर सांधे दिसत. तेव्हा माझे वडील उठले. ते कल्हईवाले. मिरजेपासून पंढरपूरच्या वाटेवरच्या गावांतून त्यांनी चाळीस वर्षं भांड्यांना कल्हई केली आणि फुटक्या भांड्यांना डाख दिला. त्यांनी तांब्याचा पत्रा लालबुंद तापवला आणि पाण्यात टाकला. मी म्हणालो, “अब्बा, कडक होईल ना!” ते हसले. पोलाद तसं केल्यानं कडक होतं, तांबं मऊ होतं. बी.ए.ला हे कुणी शिकवलं नव्हतं. मग लाकडी हातोडीनं कडेकडेनं ठोकत, पुन्हा तापवत, पुन्हा ठोकत त्यांनी तासाभरात लिंबाएवढा घुमट उभा केला. एक सुरकुती नाही.

डाख देण्याचंही तेच. एक जोड देऊन दुसरा द्यायला जावं तर तापानं पहिला सुटतो. माझं पहिलं इंजिन असंच एकदा हातात विस्कटून आलं होतं. यावर हल्ली वेगवेगळ्या तापमानाला वितळणारे डाख मिळतात. १८८ अंशांचा आधी वापरायचा, मग १४५ चा, आणि शिसं-कथलाच्या ओतीव भागांसाठी तर ७० अंशांना, म्हणजे उकळत्या पाण्यातही वितळेल असा. वडिलांचा उपाय फुकटचा होता. आधीच्या जोडावर ओलं फडकं गुंडाळायचं. आजही मी दोन्ही करतो.

लोक मला विचारतात, एवढं लहान आणि जुनं इंजिन म्हणजे करायला सोपं असेल ना? उलट आहे. पुढच्या काळातली इंजिनं धिप्पाड, त्यांच्या पोटात मोटर कुठंही लपते. ही सुरुवातीची इंजिनं मात्र हडकुळी. बॉयलर आणि चाकांची चौकट यांच्यामधून आरपार उजेड दिसतो, तिथं मोटर ठेवली की सोंग उघडं पडतं. ड्रायव्हरची खोलीच नाही, म्हणजे तीही जागा गेली. शेवटी मी वडिलांच्या घुमटाखाली, भट्टीतच मोटर उभी बसवली आणि बॉयलरमध्ये शिसं भरलं. शिसं नसेल तर इंजिन इतकं हलकं होतं की चाकं जागच्या जागी गरगर फिरतात. खऱ्या इंजिनांचंही पाऊस पडला की असंच होई. डाव्या बाजूचा दांडा वर असेल तेव्हा उजव्या बाजूचा पुढे, असा बरोबर काटकोन दोन्ही बाजूंच्या चाकांत साधावा लागतो. तो केसभर चुकला तर इंजिन लंगडत चालतं. माझं पहिले तीन महिने लंगडलं.

मग टेंडर, म्हणजे इंजिनामागची पाणी आणि जळणाची गाडी. तिच्यात मी दगडी कोळशाचा चुरा भरला आणि पुन्हा फसलो. त्या काळी प्रवासी इंजिनांत कोक जाळत. धूर होऊ नये, अशी कायद्याचीच अट होती. कोक काळा नसतो, राखाडी, थोडी चमक असलेला असतो. सगळा कोळसा खरवडून काढून लोहाराकडून कोक आणून फोडून भरला.

पण या कामातलं सगळ्यात अवघड हत्यारानं होण्यासारखं नाही. तुम्ही ज्याची प्रतिकृती करता आहात ते दिसत होतं कसं, हेच ठाऊक नसतं. छायाचित्रणाची कला जगापुढे आली १८३९ साली, आणि त्यासाठी वस्तू बराच वेळ स्थिर हवी. धावत्या गाडीचा फोटो निघणं तेव्हा शक्यच नव्हतं. मग उरतात ती छापील चित्रं. लिव्हरपूल-मँचेस्टरच्या गाड्यांची लांबच लांब रंगीत चित्रं लंडनच्या ॲकरमन यांनी १८३१ मध्ये प्रसिद्ध केली. जॉन कुक बॉर्न या चित्रकारानं लंडन-बर्मिंगहॅम रेल्वेचं बांधकाम काढलं, ते १८३९ साली छापून आलं. चित्रं सुरेख आहेत. पण छापील चित्रांत रंग हातानं भरलेले असत. आज ‘लायन’ जसं रंगवलेलं दिसतं, तो रंग नंतरच्या डागडुजीतला; त्यावरून १८३८ चा रंग ठरवता येत नाही. खुद्द इंजिनंच उरली असती तर! ग्रेट वेस्टर्न रेल्वेचं ‘नॉर्थ स्टार’ हे १८३७ चं इंजिन स्विंडनच्या कारखान्यात जपून ठेवलं होतं. १९०६ मध्ये जागा अडते म्हणून तोडून टाकलं. १९२५ साली शताब्दी आली तेव्हा हळहळ झाली आणि शिल्लक राहिलेले सुटे भाग जमवून नवं बांधलं. आपल्याकडेही असं होतं. तेव्हा हसायला नको.

डब्यांत पहिल्या वर्गाचा डबा करायला फार मजा येते. घोड्यांच्या गाड्या बांधणाऱ्या कारागिरांनीच हे डबे बांधले, म्हणून तीन बग्ग्या एका चौकटीवर शेजारी-शेजारी ठेवल्यासारखा तो दिसतो. लिव्हरपूल-मँचेस्टरचे हे डबे पिवळे असत. सामान टपावर, त्यावर ताडपत्री, गार्डही टपावरच बसलेला. धक्का बसू नये म्हणून बफर चामड्याचे, आत घोड्याचे केस. मी तबल्याच्या चामड्याचे तुकडे वापरले. फार श्रीमंत माणसं तर स्वतःची बग्गी सपाट वाघिणीवर चढवत आणि आत बसूनच प्रवास करत. राणी ॲडलेडचा १८४२ सालचा डबा तर अजून जपलेला आहे, झोपायच्या सोयीसकट.

२००७ साली माझं इंजिन आणि एक पिवळा डबा तयार झाला. सोनेरी रेघा आखायला दोन महिने लागले होते. वडिलांना दाखवला. त्यांनी इंजिन मागं-पुढं करून पाहिलं, आपल्या घुमटावर बोट फिरवलं आणि आमच्या दख्खनी बोलीत म्हणाले, “इंजन तो बेस बना रे. पन अपन कां बैठना?”

इंजिन तर छान झालं, पण आपण बसायचं कुठं? वडील भाता, कोळशाचं पोतं आणि नवसागराचा डबा घेऊन मिरजेहून पंढरपूरच्या छोट्या गाडीनं जात. आपल्याकडे तिसरा वर्ग १९७४ साली रद्द झाला; पण वडील शेवटपर्यंत आपल्या तिकिटाला ‘थर्ड’च म्हणत. मी हसून म्हणालो, “बनाता अब्बा, वो भी बनाता.” आणि मग दुसऱ्या पिवळ्या डब्याच्या मागे लागलो. २००९ मध्ये वडील गेले.

त्यांच्यानंतर मी तिसऱ्या वर्गाचा शोध घेऊ लागलो आणि लक्षात आलं की गरिबांच्या डब्यांबद्दल फार थोडं उरलं आहे. ते कुणी जपून ठेवणार? ती तर मालाच्या वाघिणींची चुलत भावंडं. मला त्यांची मापं मिळाली ती एका अपघातामुळे. २४ डिसेंबर १८४१. ग्रेट वेस्टर्न रेल्वेची एक मालगाडी लंडनहून पहाटे निघाली. तिसऱ्या वर्गाचे प्रवासी मालगाडीला जोडून नेत आणि त्यांचे डबे इंजिन-टेंडर आणि माल यांच्या मधोमध असत. पार्लमेंटच्या नव्या इमारतीचं बांधकाम चालू होतं. तिथले बरेच गवंडी नाताळसाठी घरी निघालेले. रेडिंगच्या अलीकडे सोनिंग इथं डोंगर खोदून केलेल्या खिंडीत पावसानं दरड कोसळली होती. अंधारात इंजिन तिच्यात घुसलं, मागून मालाच्या वाघिणी रेटत आल्या आणि उघड्या डब्यांतली माणसं बाहेर फेकली गेली. आठ जण जागीच गेले.

चौकशीत त्या डब्यांची मापं नोंदली गेली. बसायची फळी अठरा इंच उंच आणि बाजूचा कठडा दोन फूट. माझ्या प्रमाणात मांडलं तेव्हा मला ते कळलं. फळी साडेदहा मिलिमीटर, कठडा चौदा. म्हणजे बसलेल्या माणसाच्या बाजूला कठडा उरतो फक्त साडेतीन मिलिमीटर. खऱ्यात सहा इंच, एक वीतसुद्धा नाही. हे आकडे मी आधी वाचले होते, पण पितळेची पट्टी कापून माणसाशेजारी उभी केली तेव्हा हात थांबला.

पुढे १८४४ साली ग्लॅडस्टन व्यापार खात्याचे प्रमुख असताना कायदा झाला. प्रत्येक मार्गावर रोज निदान एक गाडी अशी हवी की जिच्यात गरिबाला मैलाला एक पेनीत जाता येईल, ती वाटेतल्या प्रत्येक स्थानकावर थांबेल, सरासरी तासाला बारा मैलांहून हळू नसेल, आणि तिच्या डब्यांना बसायला जागा व पाऊस-वाऱ्यापासून आडोसा असेल. छप्पर कायद्यानं द्यावं लागलं. इंजिन ड्रायव्हरला मात्र ते मिळायला आणखी बरीच वर्षं जावी लागली.

तो सोनिंगचा डबा मी केला. तो माझ्या रुळावर चालत नाही, हे सांगायला हवं. ‘लायन’ स्टीफन्सनच्या मापाचं, रुळांमधलं अंतर चार फूट साडेआठ इंच. माझे रूळ बत्तीस मिलिमीटरचे, काटेकोर हिशेबानं तेहतीस हवेत. ग्रेट वेस्टर्नचे रूळ ब्रुनेलनं घातले सात फूट पाव इंचावर, माझे एकोणपन्नास मिलिमीटर. दोन्ही मापं जिथं भेटत, त्या ग्लॉस्टरला सगळा माल एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. मिरजकराला हे समजावून सांगायला नको. माझ्या लहानपणी आमच्या स्टेशनात पुण्याकडची मोठी, बेळगावकडची मीटर आणि पंढरपूरची छोटी असे तीन मापांचे रूळ होते, आणि हमाल दिवसभर हेच करत. इंग्लंडात ते रुंद रूळ १८९२ साली कायमचे उखडले. माझा डबा एका फुटाच्या तुकड्यावर वेगळा उभा आहे.

‘लायन’ बांधणाऱ्या भागीदारांपैकी किटसन यांचाच पुढचा कारखाना म्हणजे किटसन, थॉम्प्सन आणि ह्युइटसन. त्यांनी १८५५ साली बांधून कलकत्त्याला पाठवलेलं इंजिन म्हणजे आपली ‘फेअरी क्वीन’, जी १९९७ मध्ये पुन्हा वाफेवर धावली. सध्या टेबलावर तीच घेतली आहे. आपल्याकडचं माप साडेपाच फूट, म्हणजे साडेअडतीस मिलिमीटर. तिसरे रूळ. घरातले म्हणतात, टेबलाचं मिरज जंक्शन झालं.

उघड्या डब्यात माणसं बसवायची होती. नऊ गवंडी केले, पितळी तारेवर लांबी थापून. त्यांच्या पायांशी हत्यारांच्या पिशव्या ठेवल्या. दहावा माणूस कडेला उभा आहे, त्याच्या खांद्यावर भाता आहे. इंग्लंडातही गावोगाव फिरून भांडी सांधणारे लोक होते, तेव्हा असा एखादा गाडीत चढला नसेल असं नाही; पण त्या डब्यात तो होता याला कसलाच पुरावा नाही, आणि मापाच्या कामात पुराव्याशिवाय काही ठेवू नये हे मीच इतरांना सांगत असतो. म्हणून त्याला डाख दिलेला नाही. डिंकानं चिकटवला आहे. कुणी जाणकारानं आक्षेप घेतला तर काढता येईल.